दुधाच्या बिलाचा प्रोग्राम आणि अकरा ठिकाणी लिहिलेला एकच दर: फंक्शन शिकतानाचं एक प्रकरण

हे प्रकरण डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाचं आहे. घरचं छोटं दूध संकलन केंद्र, वडील सकाळ-संध्याकाळ दूध घेतात आणि दर दहा दिवसांनी उत्पादकांची बिलं काढतात, सगळं वहीत, कॅल्क्युलेटर घेऊन. पोरगा पायथॉन शिकायला लागला तसा म्हणाला हे मी कॉम्प्युटरवर करतो, आणि केलंही. मग एका दहा दिवसांच्या बिलात गडबड झाली आणि त्याने फाइल माझ्याकडे पाठवली, ताई जरा बघता का म्हणून. त्याला विचारूनच लिहितेय, नाव-गाव गाळलंय. फंक्शन म्हणजे नाव दिलेला, पुन्हा पुन्हा बोलावता येणारा कोडचा तुकडा. नवीन शिकणाऱ्याच्या फंक्शनमध्ये जे जे बिघडू शकतं त्यातलं बहुतेक सगळं या एका फाइलमध्ये सापडलं, म्हणून सविस्तर लिहायचं ठरवलं.

आधी हिशोब समजून घ्या, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. गायीच्या दुधाचा दर ठरतो फॅट आणि एसएनएफवर (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), आणि आपल्याकडे आधार धरतात ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ. त्यापेक्षा फॅट एक पॉइंट म्हणजे ०.१ ने वाढली की दर थोडा वाढतो, घसरली की कापतात, एसएनएफचंही तसंच. या केंद्राच्या दरपत्रकात दोन्हीला पॉइंटमागे ३० पैसे होते. फॅट मशीनवर कळते, एसएनएफ मात्र त्यांच्याकडे लॅक्टोमीटरच्या सीएलआरवरून (म्हणजे तापमानानुसार दुरुस्त केलेल्या वाचनावरून) सूत्राने काढतात: सीएलआर भागिले ४, अधिक ०.२ गुणिले फॅट, अधिक ०.३६. हा शेवटचा आकडा सगळीकडे सारखा नसतो, यांच्याकडे ०.३६. म्हणजे फॅट ४.० आणि सीएलआर २९ असेल तर एसएनएफ आला ८.४१, एक दशांश धरला की ८.४. मूळ दर २८ रुपये असेल तर फॅटचे दीड रुपये वर, एसएनएफचे ३० पैसे खाली, दर २९.२० रुपये. साडेसहा लिटरचे झाले १८९.८० रुपये. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता मूळ गडबड. १ ऑक्टोबर २०२४ पासून राज्य सरकारने गायीच्या दुधाचं अनुदान लिटरला ५ वरून ७ रुपये केलं आणि दूध संघांनी द्यायचा ३.५/८.५ चा दर ३० वरून २८ वर आला. अनुदान सरकारकडून, त्याचा केंद्राच्या बिलाशी संबंध नाही, पण मूळ दर मात्र प्रोग्राममध्ये बदलायला हवा होता. पोराने बदलला. दहा ठिकाणी बदलला. फाइलमध्ये तो दर होता अकरा ठिकाणी, कारण सकाळचा हिशोब लिहून झाल्यावर त्याने तोच कोड कॉपी करून खाली संध्याकाळसाठी चिकटवला होता, मग उचल असलेल्यांसाठी वेगळा, पशुखाद्याची कपात असलेल्यांसाठी वेगळा, एकच दुधाची वेळ असलेल्यांसाठी अजून एक, असं करत करत. अकरावं ठिकाण राहिलं, आणि काही उत्पादकांच्या संध्याकाळच्या दुधाला दहा दिवस जुना ३० चाच दर लागत राहिला. संघाकडून पैसे २८ ने आले, वाटप ३० ने झालं, फरक वडिलांच्या खिशातून गेला. त्या पोराला याचं फार वाईट वाटलं आणि ते योग्यच आहे, लिटरमागे दोन रुपये ही छोट्या केंद्रासाठी थट्टा नाही.

इथे बहुतेक लोक सांगतात की बघ, म्हणून फंक्शन वापरायचं, कोड छोटा होतो. मला हे कारण कधीच पटलं नाही. कोड छोटा झाला काय आणि मोठा राहिला काय, कॉम्प्युटरला फरक पडत नाही. खरी गोष्ट अशी की दर काढणे हे एक काम आहे आणि एका कामाची एकच जागा हवी, म्हणजे उद्या दर बदलला की एका ठिकाणी हात लावायचा आणि चुकलं तरी सगळ्यांचं सारखं चुकेल, पहिल्याच पावतीला लक्षात येईल. काही लोकांचं बरोबर आणि काही लोकांचं चूक, ही सगळ्यात वाईट अवस्था, कारण ती दिसत नाही.

मग त्याला म्हटलं फंक्शन कर. तो म्हणाला फंक्शन येतं मला, कॉलेजमध्ये झालंय. दोन दिवसांनी नवीन फाइल आली. त्यातलं बिलाचं फंक्शन असं होतं (कोड इथे देवनागरीत लिहितेय, पायथॉनमध्ये डेफ (इथून फंक्शन सुरू होतं), रिटर्न (उत्तर परत दे) वगैरे शब्द आणि आकडे इंग्रजीतच टाइप करायचे, बाकी व्हेरिएबलची आणि फंक्शनची नावं मात्र पायथॉन ३ मध्ये खरोखर मराठीत ठेवता येतात, चालतात):

डेफ बिल(लिटर, दर):
    रक्कम = राउंड(लिटर * दर, २)
    प्रिंट(रक्कम)

आणि खाली:

एकूण = ०
एकूण = एकूण + बिल(६.५, २९.२)

रन केलं की स्क्रीनवर १८९.८ येतं, अगदी बरोबर, आणि लगेच त्याच्याखाली लाल अक्षरात टाइपएरर, की इंटिजर आणि ननटाइप यांची बेरीज होत नाही. त्याचा मेसेज: "ताई रक्कम तर समोर दिसतेय, मग पायथॉन नन कुठून आणतंय?"

हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकलाय. आणि चूक त्यांची कमी, शिकवण्याची जास्त असं माझं मत आहे. फंक्शनचा धडा बहुतेक ठिकाणी सुरू होतो तो नमस्कार प्रिंट करणाऱ्या फंक्शनने, विद्यार्थी ते चालवतो, स्क्रीनवर नमस्कार येतो, त्याच्या डोक्यात पक्कं बसतं की फंक्शनचं उत्तर म्हणजे स्क्रीनवर दिसतं ते. रिटर्न येतं चार पानांनी, तोवर सवय लागलेली असते.

त्याला त्याच्याच केंद्रावरचं उदाहरण दिलं. मशीनच्या डिस्प्लेवर फॅटचा आकडा उमटतो, तो समोर उभा असलेल्याला दिसतो आणि पुढचं सॅम्पल लावलं की जातो. पावती मात्र हातात पडते, ती घरी नेता येते, दहा पावत्यांची बेरीज करता येते. प्रिंट म्हणजे डिस्प्ले, रिटर्न म्हणजे पावती. तुझ्या फंक्शनने आकडा दाखवला पण हातात काहीच दिलं नाही, आणि पायथॉनमध्ये रिटर्न लिहिलं नाही की फंक्शन गपचूप नन (म्हणजे 'काहीच नाही') नावाची वस्तू परत देतं, तुझी बेरीज त्या ननबरोबर चालली होती. त्याने प्रिंट काढून तिथे रिटर्न रक्कम लिहिलं, एरर गेली, पण स्क्रीनवरचं १८९.८ पण गेलं, तर तो घाबरला की आता चालतच नाही. अरे चालतंय, उत्तर एकूण मध्ये जाऊन बसलंय, बघायचं असेल तर बाहेर प्रिंट(एकूण) कर. मोजणारं फंक्शन वेगळं, दाखवायचं काम बाहेर. एकदा हे वेगळं केलं की तेच फंक्शन स्क्रीनसाठी, फाइलसाठी, उद्या मोबाइलवर मेसेज पाठवायचा तर त्यासाठी, कुठेही चालतं.

नन अजून एका वाटेने आला होता. दर काढणाऱ्या फंक्शनमध्ये त्याने लिहिलं होतं की फॅट ३.० किंवा जास्त असेल तर अमुक दर रिटर्न कर, आणि नसेल तर काय हे लिहिलंच नव्हतं. तीनच्या खालचं सॅम्पल आलं की फंक्शन शेवटपर्यंत पळत जाणार आणि रिकाम्या हाताने परत येणार. प्रत्येक वाटेच्या शेवटी काहीतरी ठरवून परत द्यायचं, एवढंच.

यानंतरची अडचण नावांची. त्याने लिहिलं होतं:

डेफ एसएनएफ(सीएलआर, फॅट):
    रिटर्न राउंड(सीएलआर / ४ + ०.२ * फॅट + ०.३६, १)

एसएनएफ = एसएनएफ(२९, ४.०)

पहिल्या उत्पादकाला ८.४ आलं, दुसऱ्या उत्पादकाला प्रोग्राम पडला, एरर म्हणते फ्लोट कॉलेबल नाही, म्हणजे दशांशातला आकडा फंक्शनसारखा बोलावता येत नाही. त्याला वाटलं दुसऱ्याच्या डेटामध्ये काहीतरी आहे, तासभर तो आकडे तपासत बसला. डेटा ठीक होता. पायथॉनमध्ये फंक्शनचं नाव हेही एक साधं नावच, त्याला दुसरं काही चिकटवलं की जुनं सुटतं. पहिल्या ओळीला एसएनएफ म्हणजे फंक्शन होतं, हिशोब झाल्यावर एसएनएफ म्हणजे ८.४ हा आकडा झाला, मग दुसऱ्या वेळी तो ८.४ ला कंस लावून बोलावत होता. म्हणून मी सांगते की फंक्शनच्या नावात क्रियापद ठेवा, एसएनएफ_काढा, दर_काढा, बिल_काढा. वाचायलाही बरं, आणि मोजलेल्या आकड्याला एसएनएफ हे नाव मोकळं राहतं.

आता ज्या भागासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो. दराचं फंक्शन त्याने नीट लिहिलं होतं:

डेफ दर_काढा(फॅट, एसएनएफ):
    रिटर्न राउंड(२८ + (फॅट - ३.५) * ३ + (एसएनएफ - ८.५) * ३, २)

पॉइंटला ३० पैसे म्हणजे पूर्ण एकाला ३ रुपये, बरोबर. वहीतली जुनी बिलं घालून बघितली, सगळी जुळली. तो खूश, वडील खूश. मी कोड वाचत होते आणि खाली जिथे फंक्शन वापरलंय तिथे दिसलं दर_काढा(८.४, ४.०). उलटं! फॅटच्या जागी एसएनएफ गेलाय आणि एसएनएफच्या जागी फॅट. त्याला दाखवलं तर म्हणाला पण ताई उत्तर तर बरोबर येतंय, २९.२ च येतंय.

आणि खरंच येतं. करून बघा: ८.४ वजा ३.५ म्हणजे ४.९, गुणिले ३ म्हणजे १४.७. मग ४.० वजा ८.५ म्हणजे उणे ४.५, गुणिले ३ म्हणजे उणे १३.५. २८ मध्ये १४.७ मिळवले, १३.५ काढले, २९.२. दोन्हीचा पॉइंटचा दर सारखा असल्यामुळे अदलाबदल झाली तरी बेरीज तीच राहते. कितीही बिलं जुळवून बघितली असती तरी ही चूक सापडली नसती, कारण आज ती चूक दिसतच नव्हती.

त्याला म्हटलं, समज उद्या संघाने फॅटचा पॉइंट ५० पैसे केला आणि एसएनएफचा ३० च ठेवला. सूत्रात फॅटचा ३ चा ५ कर आणि रन कर. बरोबर क्रमाने यायला हवं ३०.२०. त्याच्या उलट्या क्रमाने आलं ३९. लिटरला जवळजवळ नऊ रुपये जास्त! तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला म्हणजे मी दरपत्रक बदललं असतं आणि मला वाटलं असतं की दरपत्रकातच चूक आहे.

हेच मला फंक्शनबद्दल सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. फंक्शनला तुम्ही नावं देता फॅट आणि एसएनएफ, पण बोलावताना नुसते आकडे टाकले तर पायथॉन जागा बघतो, पहिला आकडा पहिल्या नावाला, दुसरा दुसऱ्याला. त्याला कुठे माहितीये की ८.४ ही एसएनएफ वाटतेय. दोन्ही आकडे दिसायला सारखे, दोन्ही दशांशातले, कुठलीही एरर येणार नाही. उपाय साधा आहे, बोलावताना नाव लिहायचं: दर_काढा(फॅट=४.०, एसएनएफ=८.४). मग क्रम कुठलाही असो. आणि नवशिक्याने विसरू नये म्हणून डेफच्या कंसात सुरुवातीलाच एक चांदणी आणि स्वल्पविराम टाकता येतो, दर_काढा(*, फॅट, एसएनएफ), मग नाव न लिहिता बोलावलं तर पायथॉन स्वतःच अडवतो. हे फार कमी कोर्समध्ये शिकवतात, का ते मला कळत नाही, कारण पैशाच्या हिशोबात याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही.

शेवटची अडचण बिल बनवण्याची, आणि ही पायथॉनची खास. एका उत्पादकाच्या दहा दिवसांच्या रकमा एका यादीत जमवायच्या, तर त्याने केलं:

डेफ नोंद_कर(रक्कम, यादी=[]):
    यादी.अपेंड(रक्कम)
    रिटर्न यादी

कल्पना अशी की यादी दिली नाही तर नवीन कोरी यादी घे. घरी एकेका उत्पादकाचा प्रोग्राम वेगवेगळा चालवून बघितला, सगळं छान. मग सगळ्यांचं एकत्र चालवलं. पहिल्याच्या दोन नोंदी, १८९.८० आणि १७५.२०, एकूण ३६५. दुसऱ्याची एकच नोंद, १४६ रुपयांची, आणि त्याचं बिल आलं ५११ रुपये. यादी छापून बघितली तर त्यात तीन आकडे, पहिल्याचे दोन्ही आणि मग याचा.

कारण असं की कंसातली ती कोरी यादी पायथॉन फक्त एकदा बनवतो, डेफची ओळ वाचतो तेव्हा. फंक्शन बोलावलं की दरवेळी नवीन बनवत नाही. म्हणजे सगळ्या उत्पादकांच्या नोंदी एकाच यादीत पडत होत्या, आणि प्रोग्राम बंद करून परत चालू केला की ती यादी कोरी होते म्हणून घरी टेस्ट करताना कधी दिसलं नाही. आकडा किंवा शब्द डिफॉल्ट (बोलावताना काही दिलं नाही तर धरायचं मूल्य) ठेवला तर काही धोका नाही कारण ते जागच्या जागी बदलत नाहीत, यादी आणि डिक्शनरी बदलतात. त्यामुळे तिथे डिफॉल्ट नन ठेवायचा आणि फंक्शनच्या आत पहिल्या ओळीत विचारायचं, यादी नन आहे का, असेल तर यादी = []. तो म्हणाला आता हा नन कामाला आला. पण त्याला मी सांगितलं की इथे डिफॉल्टच नको, यादी बाहेर प्रत्येक उत्पादकासाठी बनव आणि फंक्शनला हातात दे. कोणाची यादी आहे हे फंक्शनला माहीत असायची गरज नाही, बोलावणाऱ्याला मात्र असायलाच हवी.

मधे एकदा ग्लोबलचा प्रकारही झाला, फंक्शनच्या आत बाहेरचं एकूण वाढवायला गेला, एरर आली, कोणीतरी ग्लोबल (बाहेरचं व्हेरिएबल आतून बदलू देणारा शब्द) लिही म्हणून सांगितलं, त्याने लिहिलं. त्यावर जास्त लिहीत नाही, ते काढून टाकायला लावलं आणि रिटर्न केलेल्या रकमेची बेरीज बाहेर करायला लावली, काम झालं.

मग वहीतली बिलं परत काढली, पण यावेळी डोळ्यांनी जुळवायला नाही. फाइलच्या तळाशी असर्टच्या ओळी लिहिल्या, म्हणजे अट खोटी ठरली की प्रोग्राम तिथेच थांबतो: ३.५ आणि ८.५ ला दर २८ च यायला हवा, ४.० आणि ८.४ ला २९.२ च. आणि अदलाबदल पकडायला पॉइंटचे दर मुद्दाम वेगळे धरून एक, त्यासाठी ते दोन ३ सूत्रातून काढून फंक्शनच्या कंसात आणावे लागले, आपोआप चांगलं झालं. मूळ दर, आधाराची फॅट, आधाराचा एसएनएफ, हेही कंसात आले, गायीचे आकडे डिफॉल्ट. कारण पुढच्या आठवड्यात वडील म्हणाले म्हशीचं पण त्यात घाल, आणि म्हशीच्या दुधाचा आधार वेगळा, ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ. आधीच्या फाइलमध्ये हे करायचं म्हणजे अकराचे बावीस झाले असते. आता एक ओळ लागली, तेच फंक्शन म्हशीच्या आकड्यांनी बोलावलं.

एक छान गोष्ट जाताजाता कळली. वडिलांच्या कॉम्प्युटरवर मराठी कीबोर्ड होता, ते फॅट ४.० अशी देवनागरीत टाइप करायचे, पोरगा त्यासाठी आकडे बदलणारं वेगळं फंक्शन लिहायला बसला होता. गरज नव्हती, पायथॉनचं फ्लोट आणि इंट देवनागरी अंक तसेच वाचतात, फ्लोटला '४.०' दिलं की ४.० च मिळतं. लिहिलेलं फंक्शन त्याने पुसून टाकलं. आता तो लॅक्टोमीटरच्या तापमानाची दुरुस्ती करणारं फंक्शन लिहितोय, आणि मला पाठवण्याआधी त्याने असर्टच्या ओळी आधी लिहून ठेवल्यात, फंक्शनच्या आत अजून काही नाही.